तात्पुरता रूल

“बाई, तो नारळ उचलून बाजूला ठेवा आणि बसा,” आप्पा म्हणाले.

नारळ की-बोर्डवर होता. मॉनिटरला झेंडूचा हार, त्याच्या काचेवर हळदीकुंकवाची बोटं आणि माउसवर अक्षता. शिरोलीच्या एमआयडीसीत दसऱ्यानंतरचा आठवडा म्हणजे माझ्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या धंद्याची सुगी. खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपलं हत्यार पुजायचं ही इकडची रीत. लेथ पुजतात, भट्टीचे चिमटे पुजतात, वजनकाटा पुजतात, आणि अलीकडे त्या रांगेत कॉम्प्युटरही जाऊन बसला होता. एकदा पूजा मांडली की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. मग सगळं आवरून चालू करायला जावं, तर कुंकू बटणांच्या फटीत शिरलेलं. मी मिरजेहून ब्रश आणि स्पिरिटची बाटली घेऊन निघायचे, आणि दिवसभर देवाचं कुंकू शिव्या न देता पुसायचे.

त्या दिवशी मात्र आप्पांना कुंकवाचं काही पडलेलं नव्हतं.

“एक मेल हरवलीया,” ते म्हणाले. “खंडेनवमीला फोनवर आली. तवा वाचली. काल बी काढून वाचली. आज सकाळी बघतोय तर न्हाई.”

“कुणाची होती?”

“ते तुम्हाला काय करायचंय? मेल शोधा.”

“नाव नाही सांगितलंत तर शोधू कशी?”

“पोटात दुखतंय म्हनल्यावर डाक्टर काय जेवलेलं सगळं इचारत बसतो व्हय?”

“बसतो,” मी म्हटलं.

आप्पांनी माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. त्यांना असं उत्तर द्यायची त्या कारखान्यात पद्धत नव्हती. सदाशिव लोहार हे त्यांचं नाव, पण सगळी शिरोली त्यांना आप्पाच म्हणायची. आजा विळे-खुरपी घडवायचा, बापानं एक लेथ घेतला, आणि आप्पांनी फौंड्री उभी केली. पंपाचे ओतीव भाग त्यांच्याकडून पार परदेशात जायचे. शाळा सातवीपर्यंत. बाकी सगळं त्यांनी आवाजाच्या जोरावर निभावून नेलं होतं. त्यांनी एक शब्द टाकला की तो पुन्हा विचारायचा नाही, हे तिथं गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना पाठ होतं.

कोपऱ्यातल्या टेबलावर हुपरीकर बसले होते. आप्पांचे हात, डोळे आणि इंग्रजी, असं तिन्ही म्हणजे दिगंबर हुपरीकर. कारखान्याच्या पहिल्या दिवसापासूनचा माणूस. आलेली मेल वाचून मराठीत सांगायची, आप्पा मराठीत बोलतील ते इंग्रजीत लिहायचं, हे त्यांचं काम. मी आले तेव्हा त्यांनी मान वर करून नमस्कार केला आणि पुन्हा कागदात बघायला लागले. एरवी ते मला आधी चहा विचारायचे.

“आज चार वाजता सही हाय,” आप्पा आपणहून म्हणाले. “घोरपडे वकील कागद घेऊन यायलेत. कारखाना इंद्रजितच्या नावावं करतोय. माझा पुतण्या. त्याच्या आधी मला ती मेल पायजे. एकदा नीट वाचायची हाय, मग सही.”

म्हणजे माझ्या हातात तीन-साडेतीन तास होते. मी नारळ खिडकीत ठेवला आणि कामाला लागले.

आधी कचऱ्याची टोपली बघितली, मग नको असलेल्या जाहिरातींची. नव्हती. आप्पांचा अंगठा जाड, फोनवर चुकून पुसली गेली असेल अशी माझी पहिली शंका. पण पुसलेलीसुद्धा कुठंतरी पडून राहते, ती तिथंही नव्हती. माझ्या फोनवरून त्यांना एक मेल पाठवली. ती आली आणि आपल्या जागी गपचूप बसून राहिली. म्हणजे पेटी ठीक होती.

“आप्पा, असं आधी कधी झालंय?”

“गेल्या वर्षी झालं. खंडेनवमीलाच. म्हनलं माझ्याच हातनं गेली आसंल.”

“आणि वर्षभर?”

“वर्षभर कुटली यायला? ती मेल वर्षातनं एकदाच येती.” मग ते म्हणाले, “फोन मातर कवा कवा उगंच वाजतोय. टिंग करतोय. बघावं तर कायबी नसतंय.”

माझे कान तिथं टवकारले. टिंग वाजतं म्हणजे मेल आलेली असते. बघेपर्यंत नसते, म्हणजे तिला कुणीतरी तेवढ्यात उचलून नेतंय. आणि अशी चपळाई माणसाच्या हातून व्हायची नाही.

तेवढ्यात दार ढकलून इंद्रजित आत आला. तिशी उलटलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाइल. कारखाना खरं तर तोच चालवायचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

“मॅडम, काय शोधताय?”

“आप्पांची एक मेल.”

“कुठली?” त्यानं हे माझ्याकडे न बघता हुपरीकरांकडे बघत विचारलं. हुपरीकरांनी टेबलावरचा कागदाचा पंच सरळ करून ठेवला, जो सरळच होता.

“सापडली नाही तरी चालेल, एवढं काय,” इंद्रजित म्हणाला. “काका, वकिलांना उद्या बोलावू का? घाई कशाला?”

“आजच,” आप्पा म्हणाले. तो गेला नाही, दाराला टेकून उभा राहिला.

मला त्याचं ते उभं राहणं आवडलं नाही. ज्याच्या नावावर चार वाजता कारखाना होणार, त्याला मेल सापडायला नको आहे, आणि आप्पांना हा नवा फोन घेऊन देणाराही तोच. दोन अधिक दोन करायला मला काही अवघड गेलं नाही. अशा घरगुती भानगडीत आपण पडू नये हे मी धंद्याच्या पहिल्या वर्षीच शिकले होते. पण एकदा गाठ हातात आली की ती सुटेपर्यंत मला चैन पडत नाही, हा माझा स्वभाव.

“आप्पा, हा कॉम्प्युटर कधी बंद असतो?”

“कवाच न्हाई,” ते अभिमानानं म्हणाले. “लाइट गेली तरी इन्व्हर्टरवं चालतोय. तिकडच्या गिऱ्हाइकाची मेल रातीची येती. आन् हितं यंत्र बंद दिसलं तर ती माघारी जायची, कुलूप बघून पोष्टमन जातोय तशी.”

मेल अशी कुणाच्या कुलपाला भीत नाही, हे त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगायचं कुणी? मीसुद्धा तेव्हा सांगितलं नाही.

“फक्त खंडेनवमीला बंद,” मी म्हटलं.

“व्हय. पुजल्यावर कसा चालू ठेवायचा? आज सकाळी हार काढायच्या आधीच हुपरीकरांनी बटन दाबलं.”

“आणि मेल गेली ती त्यानंतर.”

“व्हय की.”

गाठ सुटली. मेलच्या प्रोग्रामला आधीच सांगून ठेवता येतं, की अमक्याची मेल आली की ती तमक्या फोल्डरमध्ये नेऊन टाक. त्याला रूल म्हणतात. रूल म्हणजे नुसता सांगकाम्या. का, कशाला, अजून किती दिवस, असलं काही तो विचारत नाही. त्यातही फोल्डर जर या कॉम्प्युटरच्याच पोटात असेल तर तो रूल हा कॉम्प्युटर चालू असेपर्यंतच राबतो. कॉम्प्युटर बंद पडला की सांगकाम्याला सुट्टी, आणि मेल फोनवर जशीच्या तशी दिसते. चालू झाला की हा उठतो आणि राहिलेलं काम आधी उरकतो. आप्पांचा सांगकाम्या वर्षातून एकदाच सुट्टीवर जायचा.

मी रूलची यादी उघडली. एक बँकेच्या मेलचा. एक वीज कंपनीच्या बिलाचा. एक कुठल्यातरी असोसिएशनच्या पत्रकांचा. आणि सगळ्यात खाली एक, ज्याला इंग्रजी अक्षरांत नाव दिलं होतं, ‘तात्पुरतं’.

तो उघडला. अट एकच होती. एका पत्त्यावरून आलेली कुठलीही मेल या फोल्डरमध्ये टाकायची, आणि फोल्डर कशात दडवलेला, तर जुन्या कोटेशनच्या आत, त्याच्या आत, त्याच्याही आत.

“संग्राम लोहार कोण?” मी मोठ्यानं विचारलं.

हुपरीकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इंद्रजित दारापासून दोन पावलं आत आला. आणि मला कळलं, की या खोलीत हे नाव उच्चारायचं नसतं आणि ते मी बेधडक उच्चारलं आहे.

“माझा ल्योक,” आप्पा म्हणाले.

मग तेच बोलायला लागले, आणि बोलताना माझ्याकडे नाही, मॉनिटरच्या हाराकडे बघत होते.

“विंजिनेर झाला. म्हनला, कोळशाची भट्टी काढा, विजेची बसवा. म्या म्हनलं, न्हाई. कामगारांच्या देखत भांडला, आन् गेला परदेशात. तिकडं नोकरीवं लागल्या लागल्या ही एवढी लांब मेल पाठवली, माझं काय काय चुकलं त्याची. दहा-अकरा वर्सं झाली. फोन केलं त्यानं पयल्यांदा. म्या उचललं न्हाईत. आता खंडेनवमीला चार वळी लिवतो. आप्पा, आज पूजा झाली आसंल, नमस्कार. संपलं.” त्यांचा आवाज चढला. “तीन वर्सांमागं त्याच्या आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. जगती का मरती आसं झालतं. तवा बी आला न्हाई. एक फोन न्हाई, मेल न्हाई. आसल्याला कारखाना काय द्यायचा? सांगा की बाई.”

बाहेरच्या शेडमध्ये विजेची भट्टी चालू होती. ती आप्पांनीच पुढं बसवली होती, हे मला ठाऊक होतं, कारण तिच्या पॅनेलजवळच्या कॉम्प्युटरचं कुंकू मी तासाभरापूर्वीच पुसून आले होते.

“आप्पा,” मी म्हटलं, “मेल वर्षातून एकदा येत नाहीत. वर्षातून एकदा दिसतात.”

“म्हंजे?”

मी त्यांना रूल समजावून सांगितला. सावकाश, भट्टीची आणि साच्याची उदाहरणं देऊन. त्यांना एकदा सांगितलेलं पुरलं. ते मूर्ख मुळीच नव्हते. त्यांची मान हळूहळू दाराकडे वळली.

“इंद्र्या,” ते म्हणाले. “तू केलंस हे?”

इंद्रजितचा चेहरा पांढरा पडला. मीही त्याच्याकडे बघितलं, आणि खरं सांगते, चोर सापडल्याचं समाधान मला झालं.

“आप्पा, ते मी केलंय,” हुपरीकर म्हणाले.

ते उठून उभे राहिले होते. मास्तरांनी उभं केलेल्या मुलासारखे, दोन्ही हात पाठीमागं.

“तू?”

“होय.”

“का रं?”

“तुम्ही सांगितलंत म्हणून.” त्यांचा आवाज अगदी सपाट होता. “ती लांब मेल मी वाचून दाखवली त्या दिवशी. तुम्ही म्हणालात, ह्याची एक मेल माझ्या डोळ्यांसमोर येता कामा नये, आणि ह्याचं नाव घरात नि कारखान्यात निघता कामा नये. तेव्हाच्या कॉम्प्युटरवाल्याकडनं मी ते करून घेतलं. पुढं कॉम्प्युटर बदलला, तेव्हा हेही त्याच्याबरोबर नव्यात आलं. तात्पुरतं म्हणूनच केलं होतं. म्हटलं, राग उतरला की सांगतील, मग काढू.”

“मग?”

“तुम्ही सांगितलं नाहीत.”

“इचारायचं न्हाईस?”

“तुम्हाला?” हुपरीकर म्हणाले.

ते सांगत असताना मला हुपरीकरांचा राग आला होता. एका माणसानं दहा वर्षं अशी मुंडी खाली घालून हो ला हो करावं, याची चीडच आली होती. पण त्या एका शब्दानं ती ओसरली. खरंच, विचारणार कोण होतं आणि कसं?

“उघडा ते,” आप्पा मला म्हणाले.

मी आधी त्या रूलपुढची खूण काढून तो थांबवला, मग फोल्डर उघडला. न वाचलेली मेल ठळक अक्षरांत दिसते. वरची, आप्पांनी फोनवर वाचलेली एक सोडली तर पडदा खालपर्यंत ठळक होता आणि खाली सरकवत गेले तरी संपेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा असा भरून वाहत होता. आप्पांनी खुर्ची ओढून घेतली. चष्मा लावला. हुपरीकर सवयीनं वाचून दाखवायला पुढं आले, तसा आप्पांनी हात आडवा केला.

“मराठी हाय न्हवं? मी वाचतो.”

संग्रामनं मराठीत लिहिलं होतं. मी उठून खिडकीशी गेले, पण खोली ती केवढीशी, आणि आप्पा ओठ हलवत, पुटपुटत वाचायचे. ऐकू येत होतं. बहुतेक मजकूर कामाचाच. तिकडच्या भट्टीचं अस्तर किती दिवस टिकतं. वाळूत ओल किती ठेवतात. कास्टिंगला छिद्रं पडली तर ते लोक काय करतात. एक मेल नुसती ‘मुलगी झाली, आईसारखं नाक आहे’ एवढीच. एकात विजेच्या भट्टीचं ऐकलं म्हणून अभिनंदन, आणि खाली वायरिंगबद्दल दोन सूचना. प्रत्येकीच्या शेवटी तेच वाक्य. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

मग आप्पा एका मेलपाशी थांबले. पुटपुटणं बंद झालं. ते एवढा वेळ थांबले, की मीच जाऊन बघितलं.

‘आप्पा, आईचं ऑपरेशन बुधवारी आहे असं ताईकडून कळलं. मी तिकीट काढून ठेवलंय. पण दवाखान्यात तुमच्यासमोर आलो आणि तुम्हाला राग आला, तर त्याचा त्रास आईला होईल. तुम्ही फक्त ये म्हणा. एक शब्द. मी सोमवारपर्यंत वाट बघतो.’

त्याच्या खाली मंगळवारची मेल होती. ‘बरं. समजलो. आईला जपा.’

आप्पांनी चष्मा काढला. डोळे पुसले नाहीत, कारण पाणी नव्हतं. त्यांचा चेहरा नुसता सुटल्यासारखा झाला होता, गालांची कातडी खाली आली होती. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्याच्या घरातलं इतकं आतलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि बघायचं नव्हतं.

“हुपरीकर, लिव्ह,” ते म्हणाले.

हुपरीकर माझ्या खुर्चीत बसले.

“तुझ्या मेल आज मिळाल्या. सगळ्या. आप्पा.”

“एवढंच?”

“आनी काय लिवू? बास. पाठव.”

गेली. आणि हुपरीकरांचा हात माउसवरून निघायच्या आत आप्पांच्या खिशातला फोन वाजला. टिंग. आप्पांनी तो असा काढला, की खिशाची शिवणच उसवली.

“आलं,” ते म्हणाले. “लगीच आलं. इंग्रजीत लिवलंय. वाचा, वाचा.”

हुपरीकरांनी फोन हातात घेऊन वाचला. मग हळू आवाजात मराठीत सांगितलं. “मी रजेवर आहे. पंचवीस तारखेपर्यंत भारतात आहे. तातडीचं काम असेल तर माझ्या अमुक सहकाऱ्याला लिहावं.”

“तातडीचं काम आसंल तर दुसऱ्याला लिव्हायचं?” आप्पांना काही समजेना. “आसं का लिवलं?”

“आप्पा, हे त्यानं आत्ता लिहिलेलं नाही,” मी म्हटलं. “तो हे ऑफिसच्या पत्त्यावरून लिहितो. सुट्टीवर जाताना सांगून ठेवलं की येईल त्या प्रत्येकाला हे उत्तर आपोआप जातं. तुमची मेल अजून त्यानं बघितलीही नसेल.”

“म्हंजे त्यानं बी रूल लावलाय.”

“हो. पण हा सगळ्यांसाठी आहे.”

आप्पांनी फोन पुन्हा आपल्या हातात घेतला. मग एकदम म्हणाले, “भारतात म्हंजे कुटं?”

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, म्हणून मी काही बोलले नाही. पण इतर दोघंही बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं वेगळं होतं. आप्पांनी इतकी माणसं राबवली होती, त्यांना तेवढं कळत होतं.

“हुपरीकर. कुटं हाय तो?”

“मिरजेत,” हुपरीकर म्हणाले. “शैलाताईंकडं.”

“माझ्या पोरीकडं?”

“दर दसऱ्याला येतात. आठवडाभर असतात. सूनबाई आणि मुलगीही असते.”

“तुला कसं ठावं?”

“काकींना मीच गाडीनं सोडून येतो.”

आप्पांची बायको दर दसऱ्याला मुलीकडे सोनं द्यायला म्हणून मिरजेला जायची, आणि चार दिवस राहून यायची. लेकीची माया, एवढंच आप्पा धरून चालले होते. त्या क्षणीही ती तिथंच होती.

“आन् तू?” त्यांनी इंद्रजितला विचारलं.

“मी काल जेवायला तिथं होतो,” इंद्रजित म्हणाला. “काका, मला हा कारखाना असा नको आहे. दादाचं नाव काढून नको. चारदा सांगायला आलो. तुम्ही नाव घेऊ देत नव्हता.”

“वॉचमनला बी ठावं आसंल.”

यावर कुणी नाही म्हटलं नाही.

मी तोपर्यंत इंद्रजितबद्दल जे जे मनात आणलं होतं त्याची मला लाज वाटली. मी खाली मान घालून रूल पुसून टाकला. ‘हा रूल कायमचा काढायचा का?’ असं प्रोग्राम विचारतो. कुणालाच न विचारता मी ‘हो’वर बोट दाबलं.

घोरपडे वकील चारच्या आधीच आले. बगलेत कागदांची पिशवी, कपाळाला आदल्या दिवशीचा अबीर अजून लागलेला. आप्पा तेव्हा कोट चढवत होते.

“बसा वकील, चहा घ्या,” ते म्हणाले. “इंद्रजित हाय. म्या जरा मिरजेला जाऊन येतो.”

“आणि सही?”

“कागद घेऊन जावा माघारी. ह्या कागदात एक नाव कमी हाय.”

मी मिरजेचीच, म्हणून मला त्यांनी गाडीत घेतलं. गाडी हुपरीकर चालवत होते. हातकणंगले गेलं, जयसिंगपूर गेलं. मला वाटलं होतं, आप्पा हुपरीकरांना फाडून खातील, नाहीतर बायकोच्या नावानं काहीतरी बोलतील. त्यातलं काही झालं नाही. कृष्णेच्या पुलावर आल्यावर ते म्हणाले, “बाई, घरात घेतील न्हवं?”

“ते मला कसं कळणार, आप्पा?”

“खरं हाय,” ते म्हणाले. मग हुपरीकरांना म्हणाले, “जरा सावकाश चालव.” गाडी आधीच बैलगाडीच्या चालीनं चालली होती.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. कारखान्यात आता दोघा चुलत भावांच्या नावाची पाटी आहे, आणि माझं तिकडचं काम चालूच आहे. पण लोक विचारतात, त्या दिवशी बापलेकांची भेट कशी झाली, आणि मला ते सांगता येत नाही, कारण मी बघितलं नाही. मी फाटकापर्यंतच होते.

शैलाताईंचं घर एका गल्लीच्या टोकाला होतं, पुढं लहानसं अंगण. आतून भांड्यांचा आणि कुणा पोरीच्या हसण्याचा आवाज येत होता, एक पुरुषी आवाज तिला काहीतरी समजावत होता. आप्पा पायरीशी जाऊन थांबले. आयुष्यभर हाक मारून माणसं बोलावणारा माणूस, त्यांना तिथं हाक मारता येईना. ते पायातल्या चपला काढून, पायरीच्या कडेला नीट जोडून ठेवून, तसेच उभे राहिले.

दारात त्यांची बायको आली. हाताला पीठ लागलेलं. तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग फाटकाशी उभ्या असलेल्या हुपरीकरांकडं, मग पुन्हा नवऱ्याकडं. आतलं हसणं थांबलं. तिनं कसं आलात असं विचारलं नाही, की कुणी सांगितलं म्हणून विचारलं नाही.

“चपला भाईर ठेवू नका,” ती म्हणाली. “हितलं कुत्रं उचलून न्हेतंय.”

आप्पांनी वाकून दोन्ही चपला उचलल्या, आणि त्या हातात धरून ते आत गेले.